बोट लागते तेव्हा : खवळलेल्या समुद्रातला एक दिवस



आपल्या मेहरूणला तलाव आहे, समुद्र नाही. तलावावर वारा सुटला तर फार फार तर पाण्याला सुरकुत्या पडतात. त्यामुळे समुद्राचा विषय आपल्या गटाच्या बैठकीत निघायचं कधी कारणच नव्हतं. मागच्या महिन्यात मात्र तो निघाला.

आमच्या गटातल्या एका ताईंची मुलगी मोठ्या प्रवासी जहाजावर कामाला आहे. तरंगतं हॉटेलच म्हणा ना. प्रवाशांच्या खोल्या आवरायच्या, चादरी बदलायच्या, हे तिचं काम. ताई दर बैठकीला तिचे फोटो दाखवतात. त्या दिवशी मात्र त्या गप्प बसून होत्या. विचारलं तर म्हणाल्या, "रविवारी रात्री फोन आला होता. 'माय, आज बोट फार हलते आहे, उभंच राहवत नाही, मी नंतर बोलते,' एवढंच म्हणाली आणि फोन तुटला. आज तिसरा दिवस आहे."

मग त्यांनी आम्हाला एक प्रश्न विचारला. "बोट एवढी हलते तेव्हा माझी पोर नेमकं काय करत असेल?"

आम्ही तेरा जणी होतो. एकीलाही उत्तर देता आलं नाही. "काळजी करू नका," असं सगळ्या म्हणालो, पण नुसत्या तेवढ्यानं कोणाची काळजी जाते? म्हणून आम्ही वाचलं, बोटीवर नोकरी करून आलेल्या दोघांना गाठून विचारलं, आणि जे कळलं ते आज तुम्हाला सांगतो आहोत.

आधी बोट का हलते ते पाहू. लाट वाऱ्यामुळे उठते. वारा जितका जोराचा, जितका वेळ आणि जितक्या लांबवर पाण्यावरून वाहील, तितकी लाट मोठी. आणि लाट उठली त्याच जागी राहत नाही. शेकडो मैल दूरच्या वादळानं उठवलेल्या लाटा जहाजापर्यंत चालत येतात. त्यामुळे कधी कधी वर आभाळ स्वच्छ असतं, ऊन पडलेलं असतं, तरी खाली जहाज हलत असतं. पावसाळ्यात आपल्या अरबी समुद्रावर नैर्ऋत्येचा वारा सलग वाहतो. म्हणून त्या दिवसांत मुंबईच्या गेटवेवरून मांडव्याला जाणाऱ्या लाँच बंद ठेवतात, आणि मच्छीमारांच्या यांत्रिक बोटींनाही सरकारची मासेमारीबंदी असते.

जहाज मुख्यतः दोन तऱ्हांनी हलतं. एक, पाळण्यासारखं डावी-उजवीकडे. दुसरं, पुढचं तोंड वर, मग खाली, पुन्हा वर. एसटीत मागच्या बाकावर बसलं की कसं आदळतं ते आपल्याला माहीत आहे. मधल्या बाकावर तेवढं लागत नाही. जहाजाचंही तसंच आहे. पुढच्या टोकाला, मागच्या टोकाला आणि वरच्या मजल्यांवर सर्वांत जास्त हलतं. मधोमध आणि खालच्या मजल्यावर सर्वांत कमी. जहाजावर काम करणाऱ्यांच्या झोपायच्या खोल्या बहुतेक खालच्या मजल्यांवर असतात. त्यांना खिडकी नसते, हे वाईट. पण खवळलेल्या दिवशी झोके कमी बसतात, हे बरं. ताईंना हे ऐकून जरा धीर आला.

मोठ्या जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंना माशाच्या परांसारखे पंख असतात. ते वळवून डावी-उजवीकडचं डोलणं कमी करता येतं. पुढचं तोंड वर-खाली होतं, त्यावर मात्र या पंखांचा फारसा उपयोग नसतो. तेव्हा कप्तान जहाजाचा वेग कमी करतो, लाट सोसेल अशा कोनात जहाज वळवतो, वादळाला वळसा घालून जातो, किंवा ठरलेल्या बंदरात जाणंच रद्द करतो. वेळापत्रक चुकलं तरी चालतं, जहाज आणि माणसं नीट राहिली पाहिजेत, हा त्यामागचा हिशेब.

आता बोट लागण्याविषयी. आपल्याकडे चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना एसटीत किती जणींना गाडी लागते! बोट लागते तीही त्याच कारणानं. आपल्या कानात अगदी आत बारीक वळणाच्या तीन नळ्या असतात आणि त्यांत पाण्यासारखा पदार्थ असतो. डोक्यावर हंडा घेऊन चालताना आतलं पाणी जसं हिंदकळतं, तसं शरीर हललं की तेही हलतं, आणि मेंदूला कळतं की आपण हलतो आहोत. पण खोलीत बसलेल्या माणसाच्या डोळ्यांना समोरची भिंत, पलंग, कपाट सगळं स्थिर दिसतं. कान सांगतो हलतंय, डोळा सांगतो हलत नाही. या दोन साक्षी जुळत नाहीत, मेंदू गोंधळतो, आणि मळमळ, घाम, उलटी सुरू होते.

आखाजीच्या झोक्यावर आपण तासन्‌तास बसतो, उंच उंच जातो, तरी बहुतेकींना काही होत नाही. का? कारण झोका आपणच घेतो, आणि झाड, आभाळ, अंगण आपल्याबरोबर हलताना डोळ्यांना दिसतं. दोन्ही साक्षी जुळतात. म्हणूनच एसटीचा चालक घाटात कधी ओकत नाही. त्याला पुढचं वळण दिसत असतं.

तेव्हा बोट लागणं म्हणजे माणूस कच्चा असणं नव्हे. इंग्रजांचा मोठा दर्यावर्दी सेनापती नेल्सन, त्यालासुद्धा आयुष्यभर बोट लागत असे. नव्यानं जहाजावर चढलेल्या अनेकांना पहिले दोन-तीन दिवस त्रास होतो, मग शरीराला सवय होते. पण लाटा फारच मोठ्या झाल्या तर जुन्या माणसांनाही होतो.

यावर उपाय काय? डोळ्यांना आणि कानाला एकच गोष्ट सांगायला लावायची. बाहेर जाण्याची परवानगी असेल तर मोकळ्या हवेत उभं राहून दूर, जिथे पाणी आभाळाला टेकतं त्या रेषेकडे बघत राहायचं. ती रेषा हलत नाही. बाहेर जाता येत नसेल तर जहाजाच्या मधल्या भागात उताणं पडून डोळे मिटून घ्यायचे आणि डोकं हलू द्यायचं नाही. मोबाइल बघायचा नाही, वाचायचं नाही. ताईंच्या मुलीनं फोन का ठेवला, ते आम्हाला इथे कळलं. हलत्या बोटीत मोबाइलच्या पडद्याकडे बघणं म्हणजे उलटीला आमंत्रणच.

खाण्याचं ऐका. पोट रिकामं ठेवलं तर मळमळ वाढते, गच्च भरलं तरी वाढते. थोडं थोडं, कोरडं खायचं. भाकरीचा वाळलेला तुकडा, चुरमुरे, खाकरा, बिस्किट. तेलाचा तवंग आलेली आपली शेवभाजी कितीही प्रिय असली तरी त्या दिवशी नको. आल्याचा तुकडा चघळला तर अनेकांना बरं वाटतं. पाणी घोट घोट प्यायचं. उलट्या जास्त झाल्या तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून तेच घोट घोट घेत राहायचं. तोंड कोरडं पडलं, लघवी कमी झाली, उठल्यावर अंधारी आली, तर मात्र लाजत बसायचं नाही. मोठ्या प्रवासी जहाजांवर डॉक्टर असतात, त्यांना दाखवायचं.

गाडी लागू नये म्हणून गोळ्या मिळतात. त्या प्रवासाआधी अर्धा-एक तास घ्याव्या लागतात. उलट्या सुरू झाल्यावर गोळी पोटात टिकत नाही. या गोळ्यांनी झोप येते. दिवस गेलेल्या बाईनं, लहान मुलांसाठी, काचबिंदू किंवा दम्याचा त्रास असणाऱ्यांनी त्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात. हे सगळं कन्नडच्या घाटालाही लागू आहे, बरं का. पुढच्या वेळी मागच्या बाकावर बसू नका.

आता ताईंच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. पोर काय करत असेल? उत्तर असं, की ती काम करत असेल. समुद्र खवळला म्हणून प्रवाशांना खोलीत पडून राहता येतं, कामगारांना नाही. उलट त्या दिवशी काम वाढतं. उघड्या गच्च्यांची दारं बंद करतात. पोहण्याच्या हौदातलं पाणी हिंदकळून बाहेर येतं, म्हणून तो रिकामा करतात किंवा जाळी टाकून बंद करतात. खुर्च्या एकात एक घालून दोरीनं बांधतात. बाटल्या, काचेची भांडी खोक्यात आडवी ठेवतात. जेवणाच्या टेबलावर ओलसर कापड अंथरतात, म्हणजे ताटं घसरत नाहीत. जिन्यांच्या कठड्यांवर कागदी पिशव्या अडकवून ठेवतात, कोणाला कधी गरज पडेल सांगता येत नाही. आणि पिशवी वेळेवर सापडली नाही तर मागचं कोणी आवरायचं? आपल्या मुलींनीच.

चालण्याचीही रीत असते. बोटीवरच्या माणसांत एक जुना नियम आहे. एक हात कामाला, एक हात बोटीला. म्हणजे कितीही घाई असली तरी एक हात कठड्यावर असलाच पाहिजे. पाय थोडे फाकवून, गुडघे सैल ठेवून चालायचं. दोन्ही हातांत ओझं घेऊन जिना उतरायचा नाही. दाराच्या चौकटीवर बोटं ठेवायची नाहीत, कारण झोका बसला की जड दार धाडकन आपटतं आणि बोट चिरडतं. असल्या दिवशी बऱ्याच इजा लाटेनं होत नाहीत. घाईनं आणि न बांधलेल्या वस्तूंनी होतात.

इथे आम्हाला तारिणीची गोष्ट सांगावीशी वाटते. गोव्यात बांधलेली, जेमतेम 55 फूट लांबीची ही शिडाची बोट. आपल्या चाळीतल्या चार-पाच खोल्यांच्या लांबीएवढी. भारतीय नौदलाच्या सहा महिला अधिकारी लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली 10 सप्टेंबर 2017 ला गोव्याहून निघाल्या आणि पृथ्वीची प्रदक्षिणा करून 21 मे 2018 ला परतल्या. 254 दिवस. त्यातले 199 दिवस पाण्यावर. 21,600 सागरी मैल, म्हणजे सुमारे 40 हजार किलोमीटर. दक्षिणेकडच्या थंड समुद्रात त्यांनी दोन मजली घराएवढ्या लाटा पाहिल्या. परतीच्या वाटेवर बोट वळवण्याच्या यंत्रणेत बिघाड झाला, तेव्हा ठरलेलं नसताना मॉरिशसच्या पोर्ट लुईस बंदरात थांबून दुरुस्ती करावी लागली.

अशा बोटीवर खवळलेला दिवस कसा जातो? पाळ्या लावून. समुद्रावर पाळ्यांची रीत फार जुनी आहे. काही जणी सुकाणूपाशी, बाकीच्या आत. आत असणारीनं झोपायचं, कारण तिची पाळी येणार आहे. झोप लागो न लागो, पडून राहणं हे तिचं कामच. बाहेर असणारीनं स्वतःला पट्ट्यानं बोटीला बांधून घ्यायचं, म्हणजे लाट अंगावरून गेली तरी ती बोटीवरच राहते. अन्न गरम करता आलं तर गरम, नाही तर कोरडं. पण खायचं. कोणीतरी एकटीनं सगळी रात्र जागून बोट वाचवली, असं तिथे चालत नाही. एकटी दमते, दमलेली चुकते, आणि एकीच्या चुकीनं सहा जणी धोक्यात येतात.

आपल्या घरात आजारपण आलं की आपण नेमकं उलटं करतो, नाही का? एकटी जागते, एकटी राबते, जेवायचं विसरते, आणि चौथ्या दिवशी स्वतःच खाट धरते. तारिणीवरच्या मुली नौदलाच्या अधिकारी होत्या, पण पाळी वाटून घेणं आपल्यालाही जमण्यासारखं आहे.

त्यांच्यानंतर 11 सप्टेंबर 2025 ला सेनेच्या तिन्ही दलांतल्या दहा जणी लेफ्टनंट कर्नल अनुजा वरूडकर यांच्या नेतृत्वाखाली मुंबईहून 'त्रिवेणी' बोटीनं अशाच प्रदक्षिणेला निघाल्या.

आता भीतीचंही बोलू. ताईंच्या मनात ती होतीच, बोलल्या नाहीत एवढंच. बोट बुडते का? बुडते, आणि आपल्या महाराष्ट्राला ते ठाऊक आहे. 17 जुलै 1947 ला, स्वातंत्र्याच्या महिनाभर आधी, मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट भर पावसाळ्यात वाटेतच उलटली. सुमारे सातशे माणसं होती, सहाशेहून जास्त गेली. खवळलेल्या समुद्रात बोट कलली, आणि घाबरलेल्या माणसांची एका बाजूला गर्दी झाली, असं सांगतात. कललेली बोट एकवेळ सावरते. पण सगळा भार एकीकडे गेला की सावरणं कठीण होतं. म्हणून तुम्ही कधी मांडव्याला, घारापुरीला किंवा साध्या तरीनं नदीपलीकडे गेलात, आणि बोट हलली, तर जागा सोडून उठू नका. खाली बसा, जे हाताशी आहे ते धरा. जॅकेट दिलं असेल तर ते आधीच अंगात घालून बांधलेलं असू द्या. मांडीवर ठेवलेलं जॅकेट ऐनवेळी घालता येत नाही. आणि बोट गच्च भरलेली दिसली तर सरळ म्हणा, आम्ही पुढच्या बोटीनं येतो.

आजची मोठी जहाजं 'रामदास'सारखी नाहीत. ती कितीतरी पटींनी मोठी असतात, आणि त्यांवरच्या प्रत्येक कामगाराला, खोल्या झाडणाऱ्या मुलीलाही, नोकरीआधी आग विझवणं, प्रथमोपचार आणि पाण्यात जीव वाचवणं यांचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. जहाजावर सराव होतात. सात वेळा छोटा आणि एकदा लांब भोंगा वाजला की कोणी कुठे जमायचं, हे ठरलेलं असतं. ताई, तुमची मुलगी त्या दिवशी घाबरली असेलही, पण संकट आलं तर प्रवाशांना रस्ता दाखवणाऱ्यांपैकी ती एक आहे. हे आम्ही त्यांना सांगितलं, तेव्हा त्या पहिल्यांदा सरळ होऊन बसल्या.

राहता राहिला फोन. किनारा मागे पडला की मोबाइलचे टॉवर संपतात. मधल्या समुद्रात उपग्रहावरून जोडणी घ्यावी लागते, ती महाग असते आणि खराब हवेत तुटतेही. म्हणून ज्यांची माणसं समुद्रावर आहेत त्यांनी निघतानाच तीन गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात. जहाजाचं नाव. पुढची बंदरं आणि तारखा. आणि निरोप आलाच नाही तर कोणाला विचारायचं, त्या कंपनीच्या कार्यालयाचा फोन नंबर. शिवाय आपसात ठरवून ठेवावं, की बंदर येईपर्यंत फोन नाही आला तर तो नाही येणार, म्हणून घाबरायचं नाही. बंदराची तारीख उलटून दोन दिवस झाले तर मात्र कार्यालयाला विचारायचं. नुसती वाट बघण्यापेक्षा तारीख बघून वाट पाहणं सोपं जातं.

आनंदीबाई जोशी 7 एप्रिल 1883 ला कोलकात्याहून डॉक्टरकी शिकायला अमेरिकेला निघाल्या तेव्हा नुकत्याच अठरा वर्षांच्या झाल्या होत्या. पती बरोबर नव्हते. 4 जूनला त्या न्यूयॉर्कला पोहोचल्या. जवळजवळ दोन महिने. आजच्यासारखा फोन नाही, पत्र पोहोचायला आठवडे. घरच्यांनी ते दिवस कसे काढले असतील! आपले तीन दिवस त्यापुढे थोडे आहेत, असं आम्ही म्हणणार नाही. आईचे तीन दिवस ते तीन दिवसच असतात. पण आपल्याच मुली पूर्वीही या पाण्यावरून गेल्या आणि पोहोचल्या, एवढं लक्षात ठेवू या.

त्या बैठकीनंतर आम्हीही पाळी लावली. रोज संध्याकाळी एकेकीनं ताईंकडे जाऊन बसायचं आणि त्यांना जेवायला लावायचं. दुसऱ्याच संध्याकाळी फोन आला. जहाज बंदराला लागलं होतं. मुलगी म्हणाली, "माय, दोन दिवस भाकरीची फार आठवण आली. पण तू दिलेली वाळलेली बोरं होती ना, ती एकेक चघळत राहिले. काम एकदाही चुकवलं नाही."

मेहरूणची बोरं आपल्या जिल्ह्यात प्रसिद्ध आहेतच. ती समुद्रावरही कामाला येतात, हे आम्हाला नव्यानं कळलं.

बहिणींनो, तुमच्या गटात कोणाचं मूल बोटीवर, सैन्यात, दूर कुठे कामाला असेल, तर पुढच्या बैठकीत पाच मिनिटं काढा आणि वर सांगितलेल्या तीन गोष्टी त्या बाईच्या कागदावर लिहून द्या. जिला लिहिता येत नाही तिच्यासाठी दुसरीनं लिहावं. तो कागद गटाच्या वहीतही चिकटवून ठेवा. खवळलेला दिवस आला की तो कागद शोधायला कोणाला सुचत नाही.

नमस्कार.